हिला भूक कधी लागती?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात शिरली आणि चार दिवस मुक्कामाला राहिली. पाणी उतरल्यावर चिखल काढायला आम्ही सगळी चुलत भावंडं जमलो. सोप्यातल्या कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक होती. झाकण फुगून बसलेलं, ते पहारीनं उचकटलं. आत दोन इरकली लुगडी, एक पितळी चाळण, भिजून लगदा झालेला लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि तळाला लांबट, लाल कापडी पाठीची वही. दुकानात रोकड लिहायला असते तशी. वैनीनं ती बघितली न बघितली आणि कचऱ्याच्या पोत्यात टाकली. मी परत काढली, कारण उघड्या पानावरचं अक्षर आक्काचं होतं.

दोन दिवस पंख्याखाली ठेवून एकेक पान सोडवलं, मधे वर्तमानपत्राचे कपटे घातले. पहिली काही पानं शाईची होती, ती गेली. पुढं आक्का पेन्सिलीवर आली, आणि पेन्सिल पुराला दाद देत नाही. आता पानांच्या कडेला चहा सांडल्यासारखी तपकिरी रेघ आहे आणि वास अजून जात नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलती. पण सगळ्या घराची ती आक्काच. सातवी पास होऊन सतराव्या वर्षी या घरात आली. दीर-नणंदा मिळून सहा, परड्यात दोन म्हशी, दिवसाच्या चाळीस भाकरी. आणि या सगळ्यातून ती वाचायची. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, पण आमच्या घरातून तिथलं कार्ड काढलं ते चुलत्यांच्या नावावर. चुलते कामावरून येताना पुस्तक बदलून आणायचे आणि काय आणायचं ते आक्का चिठ्ठीवर लिहून द्यायची. चुलत्यांनी जन्मात एक कादंबरी वाचली नसेल, पण वाचनालयात त्यांची ख्याती दांडगा वाचक अशी होती. बायकांच्या चरित्रांची यांना भारीच आवड, असं तिथला एक जण म्हणाला म्हणून ते एकदा घरी येऊन चिडले होते.

वहीत पट्टीनं आखलेले तीन रकाने आहेत. तारीख, पुस्तक, शेरा. वाचता येणारी पहिली तारीख १९६४ ची. शेरे लांबत नाहीत, जास्तीत जास्त एक ओळ. ‘बरं.’ ‘फसवलं.’ ‘शेवट घाईत.’ ‘दोनदा रडलो.’

या ‘रडलो’वर माझी पुण्याची मामेबहीण पोट धरून हसली. कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. बोलताना आम्ही असंच बोलतो आणि लिहायला बसलो की मुकाट ‘आले, गेले’ करतो. मीसुद्धा आत्ता तेच करतेय. आक्काला ही वही कुणाला दाखवायचीच नव्हती, त्यामुळे ती तिच्यात बोलल्यासारखी लिहून गेली.

तर मुद्दा असा की सत्तर सालाच्या आसपास, एका जाड ऐतिहासिक कादंबरीपुढं आक्कानं लिहिलंय: ‘चारशे पानं झाली. हिला भूक कधी लागती?’

कादंबरीचं नाव सांगत नाही, अजून खपते. पण तो शेरा वाचला आणि मला कुणीतरी चष्मा पुसून दिल्यासारखं झालं. मी ती कादंबरी शाळेत असताना वाचली होती. नायिका सज्जात उभी असते, नथीतला मोती थरथरतो, पदर सावरते, डोळे पाणावतात, स्वारी आली की मान खाली जाते. ताटं येतात, चौरंग मांडतात, ती पंखा घालते, वाढते, आग्रह करते, आणि ती स्वतः पानावर बसणार तेवढ्यात लेखक प्रकरण संपवतो. तिचं डोकं दुखत नाही. तिला चार दिवस बाजूला बसावं लागत नाही. तिला कंटाळा येत नाही. रडण्याएवढीच तिला देहाची मुभा.

आक्काला मात्र बाराच्या आत भूक लागायची आणि घरातली शेवटची पंगत अडीचला उठायची. तिच्यापाशी मोजायला ते माप होतं. पुढं वहीत ते माप परत परत येतं. एका पौराणिक कादंबरीपुढं ‘जेवली. पान ११२’ एवढंच लिहिलंय, जणू हरवलेलं वासरू सापडलं.

‘स्मृतिचित्रे’ वहीत पाच वेळा आहे. १९३४ ते १९३६ मध्ये भागाभागानं छापलेलं लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र म्हणजे मराठीतला दागिना वगैरे आपण म्हणतो, पण दागिना म्हटलं की ते कपाटात जातं. आक्काच्या लेखी ते चुलीपुढचं पुस्तक होतं. त्यात सगळं आहे. वडिलांचं सोवळ्याचं वेड, उंबऱ्याच्या आत येणारी वस्तू धुतल्याशिवाय घ्यायची नाही असलं घर, मग लहरी कवी नवरा, हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत कुणाला तरी देऊन मोकळा होणारा. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तिचा संसार तुटला, आणि काही वर्षांनी ती परत त्यांच्याकडं गेली ती आपली चूल वेगळी आणि पाणी वेगळं ठेवून. मग ते सोवळं हळूहळू कसं गळालं, हे ती सांगते तेव्हा कुठंही मोठा आवाज काढत नाही. दुसऱ्या कुणी या प्रसंगावर व्याख्यान ठोकलं असतं. ती तांब्या-भांड्याचं बोलता बोलता जातीचं बोलून जाते. आणि स्वतःच्या फजितीवर इतकी हसते की वाचणाऱ्याला तिची कीव करायची संधीच मिळत नाही.

आक्काचा पाचव्या वेळचा शेरा: ‘ही बाई आपल्या घरात आली असती तर माझं पटलं असतं. सासूचं नाही.’

लक्ष्मीबाई माहेरी मनकर्णिका गोखले. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉ. आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुनाच. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव कोरायचं की जुनी यमुना संपली. चरित्रकार हे पहिल्या पानावर अर्ध्या वाक्यात उरकतात, कारण पुढं मोठमोठ्या गोष्टी वाट बघत असतात. मीही तेवढ्यातच उरकलं असतं. पण वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर, पाण्यानं अर्धं पुसलेलं, ‘ही वही हौसाची आहे’ असं लिहिलेलं निघालं. हौसा कोण हे आम्हा भावंडांपैकी कुणाला माहीत नव्हतं. आमच्या रेशनकार्डावर आक्काचं नाव सुलोचना होतं. वैनीनं दुसऱ्या दिवशी गावाकडं फोन करून विचारलं, तेव्हा आक्काचा नव्वदीतला भाऊ म्हणाला, “हौसा म्हंजे आमची आक्काच की.” आणि मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

रमाबाई रानड्यांचं पुस्तक १९१० चं. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. यातला ‘आमच्या’ हा शब्द माझ्या डोक्यात बरीच वर्षं अडकून बसलाय. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी, नवरा न्यायमूर्ती, समाजसुधारक, वयानं वीस वर्षांनी मोठा; तो तिला शिकवतो आणि घरातल्या बायका त्यासाठी तिला रोज टोचतात. पुस्तक माधवरावांबद्दल आहे, ती तसं म्हणतेही. आपल्याला कोल्हापूरकरांना त्यात आणखी एक ओढ, कारण रानड्यांचं बालपण इथलं. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते. पण मी ते पुस्तक त्यांच्यासाठी वाचत नाही. मी वाचते ती माजघरासाठी. वर दिवाणखान्यात देशाचं भवितव्य चाललेलं असतं आणि खाली माजघरात इंग्रजी शिकणाऱ्या सुनेशी कुणी धड बोलत नसतं. दिवाणखान्यातलं सगळं इतर पुस्तकांत सापडतं. माजघरातलं सांगायला तीच एक होती, आणि तिनंही ते ‘आमच्या’च्या पदराआड ठेवून सांगितलं. ‘माझ्या’ म्हणायचं धाडस नव्हतं असं मला एके काळी वाटायचं. आता वाटतं, ‘आमच्या’ म्हटल्यामुळंच तिला काय हवं ते लिहिता आलं. आक्का चुलत्यांच्या कार्डावर वाचायची तसंच काहीसं.

आनंदीबाईंचं मात्र वेगळं. त्यांचं स्वतःचं पुस्तक नाही. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नाहीत, लिहायला उसंत कुठली. पत्रं आहेत, आणि त्यांच्यावर इतरांनी लिहिलेलं आहे. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये चरित्र लिहिलं, इकडं काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं, म्हणजे एका बाईचं आयुष्य दुसऱ्या बाईनं मांडायला घेतलं. मग १९६८ मध्ये श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ आली आणि घराघरात गेली. आक्काच्या वहीत तिच्यापुढं दोन शेरे आहेत, एक खोडून दुसरा. खोडलेला: ‘गोपाळराव वाईट.’ त्याच्याखाली: ‘गोपाळराव नसता तर?’ याच्या पलीकडं त्या जोडप्याबद्दल मला आजवर काही सुचलेलं नाही.

आनंदीबाई कोल्हापुरात राहून गेल्यात. गोपाळराव पोस्टात होते, काही काळ इथं होते, आणि बायकोला अमेरिकेत शिकवायची खटपट त्यांनी इथल्या दिवसांतच मिशनऱ्यांना पत्र लिहून सुरू केली. ते पत्र तिकडं एका मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी दाताच्या डॉक्टरकडं नंबर येईपर्यंत चाळता चाळता वाचलं. एवढ्यावरून पुढचं सगळं. १८८३ मध्ये त्या नवऱ्याशिवाय बोटीनं गेल्या. शाकाहारी. फिलाडेल्फियाची थंडी. तिथल्या खोलीतली शेकोटी धुरकटायची. धूर सोसायचा नाहीतर गारठा सोसायचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागल्या. आक्काच्या मापात आनंदीबाई पहिल्या पानापासून पास होतात, कारण त्यांची पत्रं खाण्याची, कापडाची, थंडीची, दुखण्याची आहेत. ‘भारतातील पहिली स्त्री डॉक्टर’ हे त्या पत्रांवर आपण नंतर चिकटवलेलं लेबल.

मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाचं काम देऊ केलं. अल्बर्ट एडवर्ड म्हणजे आपलं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. मी तिथं जन्मले, माझा धाकटा भाऊ तिथं जन्मला, चुलते तिथंच गेले. त्या दगडी कमानींखालून चपला घासत केसपेपरच्या रांगेत कितीदा उभी राहिले असेन, पण ही जागा कुणाची तरी वाट बघत रिकामी राहिली होती हे मला पस्तिशी उलटल्यावर पुस्तकात वाचून कळलं. आनंदीबाई परत आल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. रक्षा कार्पेंटर बाईंकडं पाठवली, ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीमध्ये त्यांच्या घरच्या दफनभूमीत आहे. कोल्हापूरला आलं ते नुसतं नेमणुकीचं कागदपत्र.

पुढं त्याच हॉस्पिटलात कृष्णाबाई केळवकर डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. त्यांच्या आई रखमाबाई, ज्यांना राजर्षी शाहू महाराजांनी मुलींच्या शाळांवर देखरेखीला नेमलं होतं. आई-लेकीच्या या जोडीवर एखादी चारशे पानी कादंबरी मला वाचायची आहे. मृत्यू नाही, विरह नाही, फक्त रोज सकाळी उठून कामावर जाणाऱ्या दोन बायका. पण अशा बायकांवर कादंबरी सुचत नाही बहुतेक. त्या वेळेवर मरत नाहीत.

कादंबऱ्यांचं म्हणाल तर कोल्हापूर या बाबतीत भाग्यवान आणि जबाबदारही. वि. स. खांडेकर इथं राहून लिहीत होते, रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. अर्ध्या महाराष्ट्रानं देवयानी, रमा, कुंती या बायका ज्या शब्दांत ऐकल्या ते शब्द याच जिल्ह्यातल्या टेबलांवर लिहिले गेले. ‘ययाति’त (१९५९) खांडेकरांनी देवयानीला आणि शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं, ही मोठी गोष्ट होती. आक्काचा शेरा: ‘देवयानीचं पण बरोबर आहे.’ यातला ‘पण’ मला फार आवडतो. त्या काळात घरात बसून देवयानीची बाजू घेणं म्हणजे गंमत नव्हती. लेखकाचीसुद्धा सगळी माया शर्मिष्ठेवर.

‘दोनदा रडलो’ हा शेरा रणजित देसायांच्या ‘स्वामी’पुढचा. त्यात काय नवल. १९६२ पासून माधवराव पेशवे आणि त्यांच्या रमाबाईंसाठी रडला नाही असा मराठी वाचक दाखवा. थेऊरला, नोव्हेंबर १७७२ मध्ये, रमाबाई सती जातात तिथं मीही रडले. पण वहीत बऱ्याच वर्षांनी एक नोंद आहे: ‘नाच गं घुमा’, माधवी देसाई. भालजी पेंढारकरांची मुलगी, म्हणजे कोल्हापूरचीच, आणि रणजित देसायांशी लग्न झालेली. त्या संसारात तिच्या वाट्याला काय आलं ते तिनं या आत्मचरित्रात लिहिलंय. गावात तेव्हा त्याची बरीच कुजबुज झाली म्हणे. कोण खरं, कोण खोटं. आक्का त्या भानगडीत पडलेली दिसत नाही. तिचा शेरा: ‘स्वामी परत आणाय सांगितलं.’ आणि खाली आठ दिवसांनंतरच्या तारखेला ‘स्वामी’, शेरा: ‘एकदा रडलो.’

आता मला हे नीट सांगता यायला हवं, कारण आक्का माझ्या डोळ्यांपुढं फार शहाणी होत चाललीय आणि तशी ती नव्हती. ती भांडकुदळ होती, सुनांना टोचायची, आणि हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ तिनं अर्ध्यात परत पाठवलंय. शेरा ‘नको’. तमाशा-सिनेमातल्या बाईचं आत्मचरित्र घरात असलेलं कुणी बघितलं असतं तर, ही भीती. जयप्रभा स्टुडिओ घरापासून चालत जायच्या अंतरावर असलेल्या गावात ही भीती होती.

आणि ‘जिणं आमुचं’.

बेबीताई कांबळे फलटणच्या. किराणा-भाजीच्या दुकानात बसून, माल बांधायला आलेल्या रद्दीतलं वाचत, नवऱ्यापासून कागद लपवत त्यांनी हे लिहिलं आणि लिहिल्यावरही बरीच वर्षं लपवून ठेवलं. महारवाड्यातलं जगणं, त्यातही बायकांचं. शीर्षकात इथंही ‘आमुचं’च आहे, पण रमाबाईंच्या ‘आमच्या’त नवरा-बायको दोघं आहेत, बेबीताईंच्या ‘आमुचं’मध्ये अख्खा वाडा. भूक तर या पुस्तकात पानोपानी आहे. बाळंतिणीला द्यायला घरात दाणा नाही. ओली बाळंतीण, पोटाला गच्च आवळून बांधलेली, आणि आत काही नाही. आक्का जे माप घेऊन इतकी वर्षं राण्यांना मोजत होती त्या मापाचं इथं काय करणार?

वहीत तारीख आहे, पुस्तकाचं नाव आहे, शेऱ्याचा रकाना कोरा आहे. म्हणजे मला आधी कोरा वाटला. उजेडात तिरका धरल्यावर दिसलं की तिथं काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलंय. बोटानं चाचपलं तर पेन्सिलीचा दाब लागतो. एकच शब्द ओळखू येतो, ‘माहेरी’. आक्काचं माहेर वीस एकराचं, दारात बैलजोड्या. तिथं परड्याच्या मागच्या दाराला येऊन कोण उभं राहायचं, त्यांच्या पदरात किती वरून काय टाकलं जायचं, हे तिनं बघितलं असणार. कदाचित तिच्याच हातानं टाकलं असणार. माझं हे अनुमान आहे. पण त्या पानानंतर तीन महिने वहीत एकही पुस्तक नाही, आणि परत सुरुवात होते तेव्हा ‘हिला भूक कधी लागती’ असलं एकही वाक्य पुढं कुठं सापडत नाही.

वही उलटी करून मागून उघडली की घरखर्च. दूध, शेंगदाणे, पेंड, रॉकेल, दिवाळीला भावाची ओवाळणी. पुस्तकं एका बाजूनं चालत आलीत, हिशेब दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये एका पानावर दोन्ही येऊन थडकतात. त्या पानावर जागा संपल्यामुळं महाराणी ताराबाईंवरचं पुस्तक (जयसिंगराव पवारांचं, इतिहासाचं, कादंबरी नव्हे) आणि अडीच किलो तूरडाळ एकाच ओळीत आहेत. शेरा थेट डाळीच्या किमतीवर चढलाय: ‘म्हातारीचं कुणी सांगत नाही.’

हे मात्र शंभर टक्के खरं. कोल्हापुरात ताराराणीवाचून पान हलत नाही. कावळा नाक्यावर उधळलेल्या घोड्यावर तलवार उगारलेला पुतळा, त्याला वळसा घालून मुंबई-पुण्याच्या गाड्या शहरात येतात. ताराबाई पार्कात फ्लॅटचे भाव विचारायची सोय नाही. शाळेत असताना मीही ‘दिल्ली झाली दीनवाणी, दिल्लीशाचे गेले पाणी’ म्हणून ढाल जिंकलीय. आणि या सगळ्यातली ताराबाई कायम पंचविशीतली. १७०० मध्ये नवरा, राजाराम महाराज, सिंहगडावर वारले तेव्हाची. हंबीरराव मोहित्यांची लेक, लहान मुलाला गादीवर बसवून सात वर्षं औरंगजेबाला झुंजवणारी, जिच्या अकलेची आणि कारभाराची तारीफ मोगलांकडच्या खाफीखानालाही करावी लागली ती. १७०७ ला औरंगजेब मेला, १७१० ला पन्हाळ्यावर वेगळी गादी झाली, टाळ्या, भाषण संपलं.

बाई मात्र १७६१ पर्यंत जगली.

म्हणजे गोष्ट म्हणून जेवढं सांगतात त्यानंतर आणखी पन्नास वर्षं. १७१४ मध्ये सवत राजसबाईनं आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि ताराबाई मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. जो गड त्यांनी राजधानी केला त्याच गडावर. सोळा-एक वर्षं. तिथं असताना मुलगा गेला. मग साताऱ्याला शाहू महाराजांच्या नजरेखाली, म्हणजे ज्याच्याशी गादीसाठी लढल्या त्या पुतण्याच्या आश्रयाला. आणि १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर ही पंचाहत्तरीची बाई परत उठते. हा माझा लपवून वाढवलेला नातू म्हणून रामराजाला गादीवर आणते. पुढच्याच वर्षी तो ऐकत नाही म्हटल्यावर त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडते, हा माझा नातूच नव्हे म्हणते, आणि पेशव्याला घाम फोडते. जन्म १६७५ चा, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर वर्षभरात. डोळे मिटले डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपत होऊन गेल्यावर. त्या दोन टोकांमधला सगळा मराठी इतिहास या एका बाईनं जागेपणी बघितला, त्यातला बराचसा खिडकीतून.

पन्हाळ्याच्या त्या सोळा वर्षांत ती काय करायची? तह, वेढे, पत्रव्यवहार मिळतात. पण गुरुवारी दुपारी, पाऊस महिनाभर उघडलेला नाही, धुकं खोलीत शिरलंय, मुलगा आजारी आहे, तेव्हा? पन्हाळ्यावर पावसात एक रात्र काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडावा. कपडे वाळत नाहीत तिथं.

यंदा माझी लेक आठवीत आहे आणि वक्तृत्व स्पर्धेत विषय मिळालाय ‘रणरागिणी ताराराणी’. शाळेतून तयार भाषणाची झेरॉक्स आली होती, त्यात ‘भद्रकाली’ हा शब्द सात वेळा. मी ती बाजूला ठेवली आणि दोन रात्री बसून तिला नवं भाषण लिहून दिलं. पंचाहत्तरीची ताराबाई, पन्हाळा, सातारा, रामराजा, पानिपताची बातमी येते ती संध्याकाळ, सगळं घातलं. लिहिताना मजा आली, खोटं का बोला. आक्काची वही शेजारी उघडी ठेवली होती.

लेकीनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोबाइलवर वेळ लावली आणि म्हणून दाखवलं. मी पोळ्या लाटत ऐकत होते. चांगलं म्हटली. शेवटाला आली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

“पाच मिन्टात बसवायचंय आई. घंटी मारत्यात.”

“मग सुरुवातीची लढाई कमी कर.”

“लढाईला मार्क हाईत.” तिनं कागद कट्ट्यावर पसरला, पेन्सिलीनं रेघा मारायला लागली. रामराजा गेला. खाफीखान गेला. पानिपताची संध्याकाळ तिनं दोनदा वाचली आणि मग तीही गेली. मी बोलले नाही.

“बघ, आता साडेपाचवर आलंय. दोन कैदा हाईत न्हवं, पन्हाळ्याची आन् साताऱ्याची. त्यातली एकच बसतीया.” पेन्सिल तिनं कानावर ठेवली. “कुठली ठेवू?”

तव्यावरची पोळी करपली होती, ती मी आधी उतरवली.